हाकेला ओ

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथे रेश्माला सगळे वैनी म्हणत. धाकटा दीर ओंकार म्हणे ते ठीक, दोन नणंदा म्हणत तेही रीतीला धरून. पण पलीकडच्या घरातला चांगू म्हातारा, तिच्या सासऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे नात्याने तिचा सासराच; तोही कुंपणावरून ‘वैनी, कोयती दे गो जरा’ म्हणून ओरडायचा, आणि त्यात काही चुकतंय असं वाडीत कोणाला वाटत नसे. लग्नाआधी ती शिवथरची शकू होती. लग्नात मंगेशने ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, ते तिने सगळ्या पाहुण्यांबरोबरच पहिल्यांदा वाचलं. आवडलं का, असं कोणी विचारलं नाही. विचारायची रीत नाही. बरं, एवढ्या थाटाने दिलेलं नाव मग वापरावं तरी! तेही नाही. ते आधारकार्डावर जाऊन बसलं आणि घरात, पाणवठ्यावर, दुकानात ती वैनीची वैनीच राहिली.

तिच्या पोटची पोर सलोनी, तीही तिला वैनीच म्हणायची.

शहरातल्या माणसाला याचं हसू येईल. येऊ दे. भरल्या घरात लेकराच्या कानावर जे पडतं तेच त्याच्या जिभेवर येतं. या घरात आई एकच, राहीबाई. मुलगे तिला आई म्हणत, मुली म्हणत, रेश्मा स्वतःसुद्धा सासूला आईच म्हणे. मग पोरीने दुसरी आई आणावी कुठून? त्यातून सलोनीच्या जन्मानंतर रेश्माला कावीळ झाली. तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती आणि पोर राहीबाईच्या मांडीवर वाढत होती. सलोनी पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली ती राहीबाईकडे बघून. रेश्मा तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. हसत हसतच तिने विषय काढला, ‘आई, तिला सांगा ना, मला आई म्हणायला.’

‘म्हनल गो मोठी झाली म्हंजे,’ राहीबाई म्हणाली. ‘मंगेश पन पाच वर्साचा होईस्तोवर मला काकी म्हनत व्हता. म्हनून काय मी काकी झाले?’

रेश्माने पुन्हा कधी विचारलं नाही. पण तिला दुखलं, आणि रोज दुखत राहिलं. पोरगी अंगाखांद्यावर खेळते, जेवते, निजते, सगळं नीट आहे, फक्त एका शब्दासाठी जीव तळमळतो, हे कोणाला सांगायचं? ऐकणारा म्हणाला असता, खाऊन पिऊन सुखी आहेस, तुला सुचतं बरं. म्हणून तिने सांगितलं नाही.

मग महाडला ‘मायलेकरं’ सुरू झालं. एका संस्थेने बाजारपेठेच्या मागे दुमजली घर घेऊन केंद्र काढलं होतं. वरच्या मजल्यावर गरीब घरांतल्या आयांनी सहा महिने रुग्णसेवेचं काम शिकायचं, खालच्या मजल्यावर त्यांच्याच लेकरांनी बालवर्गात बसायचं. आई परीक्षा पास झाली की गावातल्या दवाखान्यात नोकरी, आणि आई नोकरीला लागली की लेकराची शाळेतली जागा चौथीपर्यंत पक्की. अट एकच, लेकरू स्वतःचं हवं. दोघं बरोबर येणार, दोघं बरोबर शिकणार; एकाचं नाव कटलं की दुसऱ्याचंही कटणार.

मंगेश मुंबईत केटरिंगवाल्याकडे होता. तो फोनवर म्हणाला, ‘बिनधास्त कर, टेन्शन नाय.’ मुंबईहून टेन्शन न घेणं सोपं असतं. टेन्शन घेतलं राहीबाईने. ‘तू जा शिकाया, मी नाय म्हनत नाय. पन पोरीला कशाला ओढतंस?’ पोरीवाचून जागाच नाही हे समजावताना रेश्माच्या नाकी नऊ आले. शेवटी राहीबाईने सलोनीच्या केसांना तेल चोपडून दोन वेण्या घातल्या आणि तोंड फिरवून म्हणाली, ‘जाव दे.’

रेश्मा शिकण्यात हुशार निघाली. पेशंटला न उठवता पलंगावरची चादर बदलायची कशी, ब्लडप्रेशरचा पट्टा किती घट्ट बांधायचा, ताप मोजून कुठे लिहायचा, सगळं तिच्या हाताला पटकन बसलं. नाडी मोजायचा सराव तर तिने आख्ख्या वाडीवर केला. चांगू म्हातारा रोज संध्याकाळी मनगट पुढे करून विचारायचा, ‘वैनी, बघ गो, हाय का चालू?’ केंद्राच्या समीक्षा मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘रेश्माताई, दवाखानेवाले तुमच्यासाठी भांडतील बघा.’

पण खरी गंमत तिला वेगळीच मिळाली होती. सकाळी डोंगर उतरून कापड्यात यायचं, तिथून मिनीडोअर रिक्षाने पोलादपूर, पुढे एसटीने महाड. त्या सव्वा तासात सलोनी फक्त तिची असे. मांडीवर डोकं ठेवून झोपे, नाहीतर बालवर्गातलं गाणं कानात म्हणून दाखवी. घरी रेश्माच्या हातांना शंभर कामं आणि पोरीला आजीची मांडी. मिनीडोअरमध्ये मांडी एकच होती. चार वर्षांत जी पोर तिच्या वाट्याला आली नव्हती, ती या कोर्सने आणून दिली होती, आणि नोकरीइतकीच तिला ही वाटही हवी होती.

मार्चमध्ये मुंबईच्या कार्यालयातून विनीत सर पडताळणीला आले. माणूस भला होता, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला पीत होता. पण मागच्या तुकडीत त्यांचे हात पोळले होते. नाते गावाकडच्या एका बाईने जावेचा मुलगा आपला म्हणून आणून बसवला होता. गाव नाते आणि नातं खोटं, असा विनोद केंद्रात अजून चालायचा. तो मुलगा तिला काकी म्हणे, आणि विचारलं तर बाई सांगे, ‘आमच्यात म्हनत्यात तसंच.’ विनीत सरांनी विश्वास ठेवला होता आणि वरच्यांची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून ते कागद नंतर बघायचे, आधी लेकरांशी बोलायचे. लेकरं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

सलोनीही खोटं बोलली नाही. काय काय झालं ते रेश्माला मागून बालवर्गाच्या बाईंनी सांगितलं.

‘आईचं नाव काय तुझ्या?’

‘राही.’

प्रवेशाच्या अर्जावर रेश्मा होतं. ‘आई कुठे आहे आत्ता?’

‘आई कवळं तोडाया गेली.’ भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर रानातून डहाळ्या तोडून आणाव्या लागतात, त्याला कवळं म्हणतात, हे बाईंनी सरांना समजावलं. त्याने प्रकरण सुधारण्याऐवजी बिघडलं. म्हणजे आई महाडात नाहीच, ती तिकडे रानात.

‘मग तुला इथे कोण घेऊन येतं?’

‘वैनी!’ सलोनी म्हणाली, आणि बाई सांगत होत्या, हे म्हणताना तिचा चेहरा अगदी फुलला होता.

रेश्माला वरून बोलावलं तेव्हा तिच्या हातात थर्मामीटर होता. तो तसाच मुठीत घेऊन ती खाली आली. सरांच्या पुढ्यात सलोनीचा जन्मदाखला होता. बाळंतपण माहेरी झालेलं. दवाखान्यात नाव सांगितलं ते रेश्माच्या आईने, आणि तिच्या तोंडी लेकीचं नाव यायचं ते एकच. दाखल्यावर आईचं नाव शकुंतला मंगेश उतेकर असं होतं.

‘ताई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही,’ विनीत सर म्हणाले. ‘पण आधार म्हणतं रेश्मा, दाखला म्हणतो शकुंतला, मुलगी म्हणते राही. आणि तुम्हाला ती वहिनी म्हणते.’

‘साहेब, शकू मीच. रेश्मा पन मीच. राही म्हंजे सासूबाई.’

‘मग सासूबाईंना ती आई का म्हणते?’

रेश्माला एकच उत्तर माहीत होतं, आणि तेच उत्तर त्या दुसऱ्या बाईने वापरून खराब करून ठेवलं होतं. ‘आमच्यात म्हनत्यात तसंच,’ ती म्हणाली. विनीत सरांनी समीक्षा मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी खाली पाहिलं. पुढच्या शनिवारी गृहभेट होईल असं ठरलं. तोवर वर्गात बसायला हरकत नाही, मात्र हजेरी लागणार नाही. आणि भेटीत शंका राहिली तर मायलेकी दोघींची नावं कमी होतील. मायलेकी हा शब्द सरांनी जरा अडखळूनच उच्चारला.

घरी आल्यावर रेश्माने मनातलं सगळं सासूवर काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच काढलं, त्यामुळे मोजूनमापून काढता आलं नाही. ‘तुमीच शिकवलंत तिला! माझी पोर माझ्यापासून तोडलीत. आता माझं शिक्षान पन जातंय आन तिची शाळा पन.’

राहीबाई डोक्यावरचा कवळांचा भारा अजून उतरवत होती. भारा खाली ठेवून ती त्याच्यावरच बसली. ‘म्या काय शिकवलं गो?’ ती म्हणाली. ‘पोर म्हनाली, म्या ओ दिली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सलोनी नेहमीप्रमाणे उठून ओरडली, ‘आई, पानी दे!’ राहीबाई मोरीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. पोरीने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. ज्या बाईने चार वर्षं पहिल्या हाकेला ओ दिली होती ती पाठमोरी उभी राहून भांडं घासत राहिली, घासलेलंच भांडं. पाणी रेश्माने दिलं. पोर ते प्यायली नाही, आजीच्या लुगड्याचा काठ धरून तिने विचारलं, ‘आई, तू बहिरी झालीस?’

राहीबाईने काठ सोडवून घेतला आणि रानात निघून गेली. संध्याकाळी कापड्यातल्या थांब्यावर ती खाऊ घेऊन उभी असायची, तेही तिने बंद केलं. सासू हे कोणासाठी करते आहे ते रेश्माला कळत होतं. ते बघवत नव्हतं, तरी तिने तिला थांबवलं नाही. शनिवार जवळ येत होता.

वाटेवरचा तो सव्वा तास आता शिकवणीचा झाला. ‘मी कोण?’ ‘वैनी.’ ‘वैनी नाय, आई. म्हण, आई.’ ‘आई घरी हाय.’ पुन्हा पहिल्यापासून. मिनीडोअरमधल्या बायका हसायच्या, कोणी तरी सलोनीला गोळी देऊन ‘म्हण गो बाय’ करायची. सलोनी गोळी घ्यायची आणि खरं तेच सांगायची. चौथ्या दिवशी पोलादपूर यायच्या आधी तिने तेच उत्तर दिलं आणि रेश्माचा हात उठला. गालावर चार बोटं उमटली.

सलोनी रडली नाही. ती खिडकीकडे सरकून बसली. त्या दिवसापासून तिने आई म्हटलं नाही आणि वैनीही म्हटलं नाही. काही हवं असलं तर जवळ येऊन पदर ओढायची. चार वर्षं ज्या शब्दाचा रेश्माला राग होता, तो एकदा तरी ऐकू यावा म्हणून ती आता कान लावून बसायची. आपण काय करून बसलो हे तिला पुरतं कळलं होतं, पण ते मागे घ्यायचं कसं हे वरच्या मजल्यावर कोणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी दुपारी विनीत सर आणि समीक्षा मॅडम डोंगर चढून आले. सरांना धाप लागली होती. त्यांना पडवीत बसवून रेश्माने पाणी दिलं, राहीबाई चहा ठेवायला आत गेली. सलोनी खांबाला मिठी मारून उभी होती. सरांनी तिला जवळ बोलावलं, ती आली नाही. ‘बरं, तिथूनच सांग. तुझी आई कोण?’

सलोनीने रेश्माकडे पाहिलं. मग चुलीपुढे वाकलेल्या आजीच्या पाठीकडे पाहिलं. तिने खांबाला कपाळ टेकवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. एकीकडे मार होता, दुसरीकडे पाठ होती. एवढीशी पोर, तिने काय बोलावं?

‘साहेब,’ राहीबाई आतूनच म्हणाली, ‘मी आजी हाय. आई ती. लिवा तसं.’ आवाज तिचा रोजचाच होता, पण चहा उतू जाऊन चुलीत सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

विनीत सरांनी मान हलवली, लिहिलं मात्र काही नाही. मोठ्यांचं बोलणं त्यांनी मागेही ऐकलं होतं. ते पेन हातात फिरवत बसले. सारं इथेच संपलं असं रेश्माच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात कुंपणावरून आरोळी आली, ‘वैनी! पावने आल्यात का गो? माझी नाडी बघायची ऱ्हायली आज!’

सरांनी वळून पाहिलं. पिकल्या मिशांचा, वाकलेला चांगू म्हातारा मनगट पुढे करूनच उभा होता.

‘हे कोण? तुमचे दीर?’

‘दीर?’ चांगू खवळला. ‘अवो, मी तिच्या सासऱ्याचा भाव. सासरा लागतो मी तिचा.’

‘मग वहिनी कसं म्हणता?’

‘सगलीच म्हनत्यात. बारक्यांपास्नं मोठ्यांपरेंत वैनीच हाय ती. हिची पोर पन वैनीच म्हनतीय, मंग माझंच तेवढं काय चुकलं?’

समीक्षा मॅडम आधी हसल्या. मग विनीत सर हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला, कारण माणूस भला होता. त्यांनी चांगूचा जबाब लिहून घेतला, त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला, आणि दोन नावांसाठी एक प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणून रेश्माला सांगितलं. ‘झालं ताई. सोमवारपासून हजेरी. गेल्या आठवड्याचीही लावतो.’ राहीबाईच्या पुढ्यात हात जोडून ते म्हणाले, ‘आजी, तुमचं खरं होतं.’ तिला आजी म्हणणारा तो पहिलाच माणूस.

जागा वाचली. रेश्माला खूप आनंद व्हायला हवा होता. पण ती पडवीत बसून एकच हिशेब करत राहिली, की हे सगळं चांगूच्या एका आरोळीने होणार होतं तर ती थप्पड कशासाठी झाली, आणि ती घासलेली भांडी कशासाठी घासली गेली.

सोमवारी मायलेकी महाडला गेल्या. वर रेश्माची हजेरी लागली. दुपारी बालवर्ग सुटला तेव्हा पोरं जिन्याखाली ‘आई, आई’ करून ओरडत होती. सलोनी भिंतीशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. रेश्मा खाली आल्यावर तिने पदर धरला, बस्स. परतीच्या मिनीडोअरमध्ये रेश्माने तिचा तो गाल कुरवाळला आणि म्हणाली, ‘चुकले गो मी. तू मला वैनी म्हण. तुला वाटंल ते म्हण.’ सलोनीने ऐकलं, पण ती बाहेर बघत राहिली.

कापड्याच्या थांब्यावर राहीबाई उभी होती. आठ दिवसांनी आली होती. हातात करवंदांचा द्रोण होता, पहिलीच, अजून नीट पिकलेलीही नव्हती. गाडी थांबायच्या आत सलोनीने उडी मारली आणि ती धावत सुटली. दोन हातांवर येऊन मात्र ती अडली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मागे वळून तिने रेश्माकडे पाहिलं, मग समोर आजीकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या घरात तिला हाक मारायला शब्द उरला नव्हता.

रेश्माला रडू फुटलं. ती गाडीच्या पायरीवरच थांबली, पुढे झाली नाही.

राहीबाईने द्रोण खाली ठेवला, दोन्ही हात पसरले, आणि कोणी हाक मारली नव्हती तरी ती म्हणाली, ‘ओ.’